‘आब राखणे’ म्हणजे नेमके काय राखणे?

सेलूकर
नमस्कार मंडळी. आमच्या शाळेतून या महिन्याअखेर निवृत्त होणाऱ्या शिपाईमामांचे मानपत्र लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. त्यात मी ‘मामांनी आयुष्यभर आपला आब राखला’ असे वाक्य लिहिले होते. समितीतील एका तरुण सहकाऱ्याने ते खोडले. त्याचे म्हणणे असे की आब पाटील-देशमुखांचा असतो, शिपायाच्या मानपत्रात तो शोभत नाही, तेथे ‘प्रामाणिक व सेवाभावी’ एवढे पुरे. एका शिक्षिकाबाईंनी ‘स्वाभिमानी’ सुचवले. मला दोन्ही पर्याय थिटे वाटतात. मामा कोणाशी भांडल्याचे कोणाला आठवत नाही आणि कोणापुढे वाकल्याचेही आठवत नाही. तपासणीला साहेब आले म्हणून त्यांची चाल बदलली नाही आणि पहिलीतले पोर समोर आले म्हणून आवाज चढला नाही. याला आपल्याकडे आब म्हणतात अशी माझी समजूत आहे. तुमच्या भागात हा शब्द कोणाविषयी वापरतात, आणि आब, अब्रू, मान, रुबाब, स्वाभिमान यांच्यातल्या बांधाच्या खुणा तुम्ही कोठे रोवता, हे जाणून घ्यायचे आहे.

अंबाजोगाईकर
चांगला विषय काढलात, सर. तुमच्या तरुण सहकाऱ्याने आब आणि रुबाब यांची गल्लत केली आहे. रुबाबाला बघणारे लागतात. माणूस ओसरीवर एकटा बसला असेल तर त्याचा रुबाब कोणावर पडणार? आब मात्र एकट्यालाही राखावा लागतो. मान ही तर सरळ देण्याघेण्याची वस्तू आहे. लग्नात टॉवेल-टोपीचा मान असतो, पोळ्याला पहिल्या बैलजोडीचा मान असतो, आणि तो मिळाला नाही म्हणून भावकीत पिढ्यान्पिढ्या बोलणे बंद राहिलेले आपण पाहतो. आमच्या घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया अशा रुसून बसलेल्या व्याह्याविषयी ‘मानासाठी आब घालवला’ असे म्हणत. या एका वाक्यात तुमचा निम्मा प्रश्न सुटतो असे मला वाटते.

शब्दवेडा_लातूर
थोडी व्युत्पत्ती सांगतो, कारण ती येथे खरोखरच उपयोगी पडते. ‘आब’ हा फारसी शब्द असून त्याचा मूळ अर्थ पाणी. संस्कृतातील ‘आप’ त्याच्याच कुळातला आहे. पाण्यावरून तो चकाकीकडे गेला, म्हणून मोती आबदार असतो, आणि चकाकीवरून माणसाच्या तेजाकडे व प्रतिष्ठेकडे आला. फारसीतच ‘आब’ आणि चेहऱ्याला ‘रू’ यांचे मिळून ‘आबरू’ झाले, म्हणजे चेहऱ्यावरचे पाणी. मराठीने त्याचे ‘अब्रू’ केले. याचा अर्थ आब आणि अब्रू हे एकाच घरातले शब्द आहेत, पण आपण त्यांची वाटणी करून टाकली. अब्रू चेहऱ्याला चिकटून राहिली आणि चेहरा दुसऱ्याला दिसतो, म्हणून तिचा निवाडा दुसऱ्याच्या हाती गेला. आब चेहऱ्यावरून सुटून आत गेला.

कायद्याची भाषाही हेच सांगते. जुन्या भारतीय दंड संहितेचे कलम 499 आणि तिच्या जागी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 356 हे दोन्ही अब्रूनुकसानीविषयी आहेत, म्हणजे लोकांच्या मनातील तुमच्या प्रतिमेला धक्का पोहोचवण्याविषयी. आबनुकसानीचे कलम कोठेही नाही, कारण तो दावा ज्याचा त्यालाच स्वतःविरुद्ध लावावा लागेल.

मांजराकाठ
शब्दवेडा यांनी एक शब्द वगळला. ‘आबकारी’ हाही त्याच पाण्याचा नातलग आहे, आणि त्या खात्याच्या पाण्याने आब राहिल्याचे आमच्या गावात तरी कोणी पाहिलेले नाही.

जुना_बाजार
मी छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या वस्तीत वाढलो. आमच्या घरात दखनी बोलली जाते आणि वडिलांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत उर्दू माध्यमातून झाले. आमच्याकडे यासाठी दोन शब्द आहेत. ‘खुद्दारी’ म्हणजे स्वतःची जाण ठेवून कोणापुढे हात न पसरणे, आणि ‘वकार’ म्हणजे वागण्यातील भारदस्त ठहराव. मराठी ‘आब’ या दोहोंच्या मधोमध बसतो, म्हणून मला तो अधिक आवडतो. खुद्दार माणूस पुष्कळदा तापट निघतो, त्याला कोठेही अपमान दिसतो. वकार असलेला माणूस पुष्कळदा बडा असतो. आब असलेला माणूस तापटही नसतो आणि बडा असण्याची त्याला गरज नसते.

एक गमतीची गोष्ट. मराठीत आपण ‘घराण्याची इभ्रत गेली’ असे म्हणतो, पण उर्दूत ‘इबरत’ म्हणजे दुसऱ्याच्या दुर्दशेवरून घ्यायचा धडा. आमचे वडील मराठी वर्तमानपत्रात ‘घराण्याची इभ्रत’ वाचून हसत आणि म्हणत, घराण्याचा धडा कसा जाईल, तो तर उरतोच.

गोदाकाठची
आतापर्यंतचे सर्व प्रतिसाद पुरुषांचे दिसतात (हा निव्वळ अंदाज आहे), म्हणून या शब्दाची दुसरी बाजू मांडते. आमच्या पैठणच्या घरात ‘आब’ हा शब्द मी सर्वांत जास्त ऐकला तो मुलींना दटावताना. ‘आब राखून राहावे’ याचा अर्थ मोठ्याने हसू नये, दारात उभे राहू नये, सासरी कोणी काही बोलले तर उलट बोलू नये असा होता. माझ्या आत्याने सासरचे अनेक अपमान गिळले आणि त्यासाठी साऱ्या आळीने तिच्या आबाचे कौतुक केले. ज्या दिवशी ती पिशवी घेऊन माहेरी परत आली, त्या दिवशी त्याच आळीने ‘आब सोडला’ असे म्हटले. माझ्या मते तिचा आब त्या दिवशी पहिल्यांदा दिसला. ती ओरडली नाही, कोणाची उणीदुणी काढली नाही, जेवण्याच्या वेळी आली आणि पानावर बसली. अंबाजोगाईकर म्हणतात तसा आब एकट्याचा असेलही, पण तो कोणी कसा राखायचा याचे नियम मात्र नेहमी इतर मंडळीच करत आली आहेत, आणि या शब्दाचे गोडवे गाताना तेवढे विसरू नये.

अंबाजोगाईकर
ताई, तुमची तक्रार मान्य आहे, पण ती ‘आब’ या शब्दावर नसून ‘पायरी’ या शब्दावर आहे. ‘पायरी ओळखून राहा’ हे कोणाला तोंडावर म्हणणे कडू लागते, म्हणून घरातली मंडळी त्याऐवजी ‘आब राखा’ म्हणत. शब्द चांगला होता, तो पांघरुणासारखा वापरला गेला.

गोदाकाठची
शब्द ज्या कामाला वापरला जातो तोच त्याचा अर्थ असतो, सर. कोशातला अर्थ आमच्या आत्याच्या उपयोगी पडला नाही.

मिलिंदचा_विद्यार्थी
गोदाकाठची यांच्या मुद्द्याला मी दुजोरा देतो आणि एक पाऊल पुढे जातो. सेलूकर सरांच्या सहकाऱ्याला ‘आब पाटील-देशमुखांचा’ असे वाटले, ते त्याच्या अज्ञानामुळे नव्हे, तर त्याने तो शब्द तसाच ऐकला म्हणून. आमच्या वस्तीविषयी गावाने हा शब्द कधी वापरला नाही. आमच्यासाठी ‘माज’ होता. वरच्या आळीतला माणूस ताठ चालला तर आब, आमचा चालला तर माज.

शब्दवेडा म्हणतात की आब म्हणजे पाणी. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी आणि हजारो लोकांनी ओंजळीत पाणी घेतले, तेव्हा तहान भागवणे हा हेतूच नव्हता, हे सर्वांना ठाऊक आहे. पुढे 1950 साली त्यांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आज मिलिंद म्हणून ओळखले जाते. आमच्या घरातील पहिला पदवीधर तेथे शिकला. त्या पिढीने ‘आब’ हा शब्द उचलला नाही, ‘स्वाभिमान’ उचलला, आणि त्याला कारण आहे. आब असलाच तर तो निमूटपणे राखायचा असतो. जो हिरावून घेतला आहे तो निमूट कसा राखणार? तो आधी मागावा लागतो, आणि मागताना आवाज होतो. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव 1978 साली झाला आणि नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. मधल्या वर्षांत मराठवाड्यात काय काय जळाले ते येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल. म्हणून शिक्षिकाबाईंनी सुचवलेला ‘स्वाभिमानी’ हा शब्द मला थिटा वाटत नाही. तो महागात पडलेला शब्द आहे.

शब्दवेडा_लातूर
आपल्या प्रतिसादातील आब-माज हा भेद माझ्या व्युत्पत्तीपेक्षा अधिक सांगून जातो. फक्त ‘स्वाभिमान’ या शब्दाविषयी एक नोंद करतो. जुन्या परंपरेत ‘अभिमान’ हा दोष मानला जाई; सांख्यकारिकेत तर ‘अभिमानोऽहङ्कारः’ अशी अहंकाराची व्याख्याच दिली आहे. संतही अभिमान सोडायला सांगतात. ज्या शब्दात दोष दडलेला होता त्याला मागे ‘स्व’ लावून विसाव्या शतकातील चळवळींनी सद्गुण केले, ही साधी घटना नव्हे. म्हणजे स्वाभिमान हा शब्द घडवला गेला आणि आब हा झिजत आला. दोघांचा पोत वेगळा आहे, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा ठेवता येत नाही.

तेरणेकाठी
शब्दवेडांना एक विचारतो. आपल्या मराठीत ‘पाणी’ आहेच की. ‘पाणीदार बैल’, ‘त्याचे पाणी जोखले’, ‘पाणी दाखवले’ हे आपण रोज बोलतो. मग फारसी पाणी कशाला आणले?

आमच्याकडे पूर्वी घिसाडी येत, ते विळ्या-कोयत्यांना पाणी देत. लालबुंद पाते पाण्यात बुडवले की ते कडक होते, पण तसेच ठेवले तर पहिल्याच खड्याला लागून त्याचा टवका उडतो; म्हणून जाणता कारागीर त्याला पुन्हा हलका शेक देऊन थोडे नरम करतो. माझ्या अल्पमतीप्रमाणे ‘पाणी’ म्हणजे ती पहिली बुडी आणि ‘आब’ म्हणजे तो नंतरचा शेक. नुसते पाणी असलेला माणूस जागोजाग टवके उडवून घेतो, त्यालाच आपण ताठा म्हणतो.

बालाघाटी
तेरणेकाठी यांनी कोयत्याचा विषय काढला म्हणून लिहितो. आम्ही बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात, म्हणजे हिशेबात माणसे नसतात, अवजार असते. मुकादमाकडून उचल घेतली की हंगामभर त्याच्या शब्दाबाहेर जाता येत नाही. अशा ठिकाणी आब कोठून आणायचा, असा प्रश्न मिलिंदच्या दादांप्रमाणे मलाही पडत असे.

माझी आई त्या फडात होती. तिला लिहितावाचता येत नव्हते. तळावरची बाकी मंडळी मुकादमाला ‘मालक’ म्हणत, ती ‘मुकादम’ म्हणे. शिवी नाही, तक्रार नाही, फक्त ज्याचे जे नाव ते. गाडी काट्यावरून आली की ती वजनाची पावती मागून घेई आणि माझ्याकडून किंवा कोणा शाळकरी पोराकडून मोठ्याने वाचून घेई, सर्वांना ऐकू जाईल अशी. मुकादमाला ते आवडत नसे, पण त्यात त्याला धरण्यासारखे काही नव्हते. पुढे बाकीच्या बायाही पावत्या वाचून घेऊ लागल्या. म्हणून मिलिंदच्या दादांना नम्रपणे सांगतो, आब निमूटच असतो असे नाही. तो पावती वाचून घेतो.

मिलिंदचा_विद्यार्थी
आपल्या आईला माझा जयभीम सांगा. मात्र तिने जे केले त्याला मी अजूनही स्वाभिमानच म्हणेन.

मांजराकाठ
हे चालायचेच. दोन शब्दांच्या भांडणात पावती तरी नीट वाचली गेली.

हरिपाठी
पैठणच्या ताई येथे आहेत आणि अजून एकनाथ महाराजांचे नाव निघाले नाही याचे आश्चर्य वाटते. गोदावरीचे स्नान करून येताना एक माणूस त्यांच्या अंगावर पुन्हा पुन्हा थुंकला आणि महाराज प्रत्येक वेळी शांतपणे परत नदीवर गेले, ही आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो. आबाचे याहून मोठे उदाहरण कोणते?

गोदाकाठची
नाव काढले नाही, कारण ते उदाहरण शांतीचे आहे आणि म्हणूनच त्यांना शांतिब्रह्म म्हणतात. मला त्यांची दुसरी कथा अधिक जवळची वाटते. वाळवंटातील तापलेल्या वाळूत एक अस्पृश्य मूल रडत होते, ते त्यांनी कडेवर उचलून घरी पोहोचवले. गावाच्या लेखी त्या क्षणी त्यांची अब्रू गेली. त्यांनी सफाईही दिली नाही आणि मिरवलेही नाही.

ज्ञानदेवांचे आपेगाव आमच्यापासून जवळच आहे, म्हणून आणखी एक. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ‘अमानित्व’ या गुणाचे वर्णन आहे. तो माणूस स्तुतीचे ओझे मानतो, आपले मोठेपण लपवतो आणि मुद्दाम वेड पांघरतो. आता मंडळींनी सांगावे, असा माणूस आब राखतो की सोडतो?

अंबाजोगाईकर
राखतो, असे माझे उत्तर आहे, कारण ज्याला मानाची गरज उरली नाही त्याला आबाची काळजी करावी लागत नाही. पण हे संतांपुरते. तुम्हा-आम्हाला बँकेच्या रांगेत उभे राहायचे असते.

कोरा_सातबारा
रांगेवरून आठवले. मी महसूल खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आणि या रांगांच्या दुसऱ्या बाजूला बसलेलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

1972 च्या दुष्काळाविषयी आमच्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकले त्यात भुकेपेक्षा लाजेच्या गोष्टी जास्त होत्या. चांगली खातीपिती शेतकरी कुटुंबे खडी फोडायला गेली. ज्यांच्या शेतात कालपर्यंत मजूर होते ते त्याच मजुरांच्या शेजारी बसले. पहिले काही दिवस माणसे तोंडावर उपरणे ओढून बसत आणि सुकडी घेताना खाली पाहत. पुढे उपरणी आपोआप खाली आली. याचे श्रेय काही अंशी सर्वांवर सारखीच वेळ आली याला आहे, पण काही अंशी त्या कामाच्या स्वरूपाला आहे. ते फुकट वाटप नव्हते, मोजून केलेल्या कामाची मजुरी होती. पुढे 1977 साली महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदाच केला, ‘मागेल त्याला काम’. त्यातील ‘मागेल’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण येथे मागणारा याचक राहत नाही, सरकार देणे लागते.

आता उलट पाहा. अतिवृष्टीच्या पंचनाम्यांच्या याद्यांत आणि योजनांच्या कागदांत आपण ‘लाभार्थी’ लिहितो. ज्याचे सोयाबीन पाण्यात कुजले त्याला कसला लाभ? हा शब्द मी स्वतः अगणित वेळा लिहिला आहे. त्याहून वाईट म्हणजे धान्याच्या पिशवीचे एक टोक देणाऱ्याच्या हातात, दुसरे घेणाऱ्याच्या हातात आणि दोघांनी कॅमेऱ्याकडे पाहायचे. एका वृद्ध बाईंनी माझ्यासमोर अशा प्रसंगी पिशवी घेतली, आभार मानले, आणि फोटोच्या वेळी पदर सारखा करून पाठ फिरवली. कोणाचा अपमान झाला नाही आणि फोटोही निघाला नाही. मला कोणी आबाची व्याख्या विचारली तर मी तेवढेच सांगेन. मदत घेण्याने आब जात नाही, घेणाऱ्याला देखावा करून ठेवण्याने देणाऱ्याचा जातो.

जुना_बाजार
तलाठीसाहेब, फार चांगले लिहिलेत. आमच्याकडे जकात, म्हणजे धर्माने सांगितलेले दान, देताना उजव्या हाताने दिलेले डाव्याला कळू नये अशी शिकवण आहे. ती घेणाऱ्याचा आब राखण्यासाठीच असावी.

सेलूकर
सर्वांचे आभार. चर्चा माझ्या मानपत्राच्या बरीच पुढे गेली, पण मला हवे होते ते मिळाले. मी वाक्य असे करत आहे: ‘त्यांनी कोणाचा अवमान केला नाही, कोणाचा सहन केला नाही, आणि या दोन्ही गोष्टी आवाज न चढवता केल्या.’ यात ‘आब’ हा शब्द न येता अर्थ येतो, आणि मिलिंदच्या दादांनी दाखवलेला जुना वासही लागत नाही.

मिलिंदचा_विद्यार्थी
माझे म्हणणे उलट आहे, सर. शब्द काढू नका. ज्याच्याविषयी गावाने तो कधी वापरला नाही त्याच्याविषयी तो छापील कागदावर येऊ द्या. ‘आब’ पाटलांकडून काढून शिपायाला दिला तर आमची तक्रार निम्मी होईल.

गोदाकाठची
सहमत. आणि एक साधा प्रश्न. मामांना कोणी विचारले का?

सेलूकर
आज विचारले, ताई. दोन्ही वाक्ये वाचून दाखवली. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘काय लिहायचं ते लिहा सर, तुम्ही शिकलेले आहात. फक्त वर शिपाईमामा नका लिहू. पूर्ण नाव लिहा, बापाच्या नावासकट, अन् आडनावात ‘ळ’ हाय, ‘ल’ नाही. हजेरीपटावर कायम ‘ल’च हाय.’ सेवापुस्तक काढून पाहिले, तेथेही ‘ल’ आहे.

कोरा_सातबारा
मानपत्र बाजूला ठेवा आणि आधी सेवापुस्तकातील नाव दुरुस्त करून घ्या. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, आधार आणि बँकेचे खाते यांत एका अक्षराचा फरक निघाला तर त्यांना पुढे कार्यालयांचे उंबरठे झिजवावे लागतील. मुख्याध्यापकांच्या शिफारशीसह अर्ज द्या आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला जोडा. निवृत्तीच्या आत झाले तर सोपे जाते, नंतर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करा म्हणून सांगतात.

शब्दवेडा_लातूर
दाखल्यावर काय आहे ते पाहिले का? जुन्या दाखल्यांत ‘ळ’चा ‘ल’ पुष्कळदा झालेला असतो.

सेलूकर
दाखल्यावर ‘ळ’ आहे. अर्ज उद्या देतो. मानपत्रात पूर्ण नाव आणि त्याखाली ‘आब’ असलेले मूळ वाक्य राहील. तरुण सहकाऱ्याला हा धागा वाचायला दिला आहे. तो म्हणाला की वाक्य राहू द्या, मात्र ‘आब’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी ते पक्के करा, कारण त्याच्या आजीकडे ‘आब गेली’ म्हणतात.

तेरणेकाठी
आमच्याकडे दोन्ही चालते. पाण्याची आणि धारेची ‘ती’, माणसाचा ‘तो’.